भोकांचा जमाखर्च

आमच्या मावशीच्या लेखी विणकामात एकच पाप होतं, ते म्हणजे भोक. टाका सुईवरून निसटून चार ओळी खाली घसरला की स्वेटरच्या छातीवर एक डोळा उघडायचा, आणि स्वयंपाकघरातून ओसरीवर येता येता मावशीची नजर नेमकी तिथेच जायची. "उसव," एवढंच म्हणायची. कुठवर, ते विचारायची सोय नव्हती. नाशिकची डिसेंबरातली सकाळ, अंगणात पेटवलेला बंब, मांडीवर दहा नंबरच्या सुया आणि कुणाच्या तरी बाळंतविड्यासाठी आणलेली पिवळी लोकर. मी विणायला शिकले ती त्या एका शब्दाच्या धाकात. घट्ट, एकसारखं आणि बिनभोकाचं विणणं म्हणजेच चांगलं विणणं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्याच्या पलीकडे काही असेल अशी शंकाही कधी आली नाही.

पुढे चाळिशी उलटल्यावर स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या भाचीनं एक पाकीट पाठवलं. हातात घेतलं तर आत नुसतं पत्र असावं इतकं हलकं. निघाली ती शाल. शेटलंडची, हातानं विणलेली, जुनी, कुणाच्या तरी घरातून विकायला आलेली. पलंगावर पसरली तर पलंग झाकला. धागा शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, आणि सबंध शाल म्हणजे भोकंच भोकं. लाटेसारखी वळलेली, चौकटीत बसवलेली, कडेला टोकदार कंगोरे होऊन बाहेर पडलेली. खिडकीशी धरली तर भिंतीवर तिची सावली पडली, तीही विणलेली. मला आधी आठवलं ते मावशीचं "उसव".

त्या शालीपासून जे सुरू झालं त्याचं हे पुस्तक झालं. विषय आहे बारीक आणि उंची धाग्याचं, दोन सुयांवरचं विणकाम. उंची म्हणजे पश्मीना, रेशीम, मोहेर, चांगली मेरिनो लोकर आणि यांची मिश्रणं. बारीक म्हणजे किती, ते आकड्यात सांगितलेलं बरं. धाग्याच्या कोनावर २/२८ असं लिहिलेलं असतं. २८ म्हणजे एका पदराचा एक ग्रॅम २८ मीटर लांब. असे दोन पदर पिळले की ग्रॅमला १४ मीटर उरतात, आणि पन्नास ग्रॅमला ७००. एवढ्यात खांद्यावरून सहज वळसा घालून पुढे येईल अशी शाल होते. तिचं वजन एका बऱ्यापैकी लिंबाइतकं भरतं.

मराठीत विणणे हे क्रियापद सगळ्यांना एकच आहे. बाज विणतात, चटई विणतात, येवल्याला पैठणी विणतात, आणि ओसरीवर बसून स्वेटरही विणतात. शिवाय पक्ष्यांचा विणीचा हंगाम असतो तो वेगळाच. त्यामुळे "मी शाल विणली" असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे माग येतो. फरक मात्र मुळातला आहे. मागावर ताणा वेगळा, बाणा वेगळा, शेकडो धागे एकमेकांना आडवे जातात. सुयांवर एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा निघत राहतो. मागावरचं कापड कापलं तर त्याचे तुकडे होतात. सुयांवरच्या कापडाचं टोक सापडलं आणि ओढलं की महिन्याभराचं काम अर्ध्या तासात परत गुंड्यात जातं. मावशीच्या "उसव"ची सगळी दहशत याच गुणावर उभी होती.

शाल हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि आपल्याकडूनच इंग्रजीत गेला. पण आपल्याकडची शाल ही मागावरची. दरबारात मानाची म्हणून द्यायची ती शालजोडी. ती बोचरं बोलण्यालाही उपयोगी पडते, म्हणून "शालजोडीतले" देणारे लोक आपल्याला चांगले ठाऊक आहेत. आता उरलं आहे शाल-श्रीफळ. नारळ त्याच आठवड्यात चटणीत जातो आणि शाल कपाटात, पुढच्या कुणाच्या तरी सत्काराची वाट बघत. ज्यांचे खूप सत्कार झाले आहेत अशा एका घरी मी त्या शालींची चळत पाहिली आहे. एकीलाही अंगाचा वास नव्हता. मी ज्या शालींविषयी लिहिते आहे त्या अंगावर घ्यायच्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

दख्खनच्या मेंढीची लोकर आपल्याला माहीत आहे ती घोंगडीतून. धनगरांच्या मेंढरांची ती काळी, राठ लोकर. तिला चिंचोक्याची खळ दिली की ती पाऊस अडवते आणि काटाही अडवते, अंगाला टोचते ते वेगळं. टोचणं हा जाडीचा प्रश्न आहे. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन. तंतू तिशीच्या वर गेला की त्याचं टोक वाकत नाही, ते कातडीला ढोसतं. मेरिनो मेंढीची लोकर १७ ते २४च्या आसपास असते, म्हणून ती मानेला चालते. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरच्याही वर, चांगथांगी शेळ्या चरतात. त्यांच्या राठ केसांखाली हिवाळ्यात जो मऊ लवाचा थर येतो तो १२ ते १५ मायक्रॉन. पश्म तो हाच. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो आपोआप सुटू लागतो आणि चांगपा लोक तो फणीनं विंचरून काढतात. शेळी कापली जात नाही, भादरलीही जात नाही. पण एका शेळीमागे हाती येतो तो जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅमचा पुंजका. त्यातले राठ केस निवडून काढले की आणखी कमी. पश्मीना महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं काश्मीरातल्या चरख्यावर बसलेल्या बायकांच्या बोटांत, कारण हा तंतू इतका आखूड असतो की यंत्राच्या ओढीला तो टिकत नाही. गिरणीत कातायचा तर त्याच्यात बरेचदा नायलॉन मिसळून मागाहून ते विरघळवून काढतात.

आता अंगठीविषयी. उत्तम शालीची परीक्षा म्हणून ती अंगठीतून ओढून दाखवायची रीत जगात तीन-चार ठिकाणी तरी आहे, आणि प्रत्येक ठिकाणची माणसं ती आपलीच म्हणतात. या परीक्षेवर माझा राग आहे. तिनं बारीकपणा कळतो, बाकी काही कळत नाही. शाहतूशची शाल तर अंगठीतून सर्वांत सहज जाते. तिबेटच्या पठारावरच्या चिरू हरणाचं ते लव, दहा मायक्रॉनच्या आसपासचं. चिरू पाळता येत नाही. त्याचं लव काढायचं तर त्याला मारावं लागतं, आणि एका शालीला तीन ते पाच जनावरं लागतात. झुडपांना अडकलेलं लव गोळा करून शाल बनते अशी गोष्ट व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं सांगितली. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञानं त्या पठारावर जाऊन ती खोटी असल्याचं दाखवून दिलं. १९७९पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार शाहतूशच्या व्यापाराला पूर्ण बंदी आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यातही चिरू पहिल्या परिशिष्टात आहे. कुणी आजीच्या पेटीतली म्हणून दाखवली तर बघावी आणि घडी घालून परत द्यावी. या पुस्तकात शाहतूश नाही.

शेटलंडवर मात्र मी रेंगाळणार आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात टाकलेली ही बेटं. झाडं जवळजवळ नाहीत, वारा कायमचा. तिथली मेंढी लहानखुरी, आणि उन्हाळा लागताना तिची लोकर मुळातून सुटी होते. ती कात्रीनं न कापता हातानं उपटून घेत. मेंढीला ते दुखत नाही. कापलेलं बोथट टोक उरत नाही, म्हणून धागाही मऊ राहतो. त्यातही जाळीच्या शालीसाठी मानेजवळची लोकर वेगळी काढायची. १८३०-४०च्या सुमारास ही जाळीची विणकामं तिथे रुजली. आर्थर अँडरसन हा शेटलंडचाच माणूस. ज्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींतून आपल्याकडचे बॅरिस्टर मुंबईहून विलायतेला गेले, तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यानं १८३७च्या सुमारास व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे बारीक विणलेले पायमोजे नजर केले, आणि मग लंडनच्या बायकांना शेटलंडचं वेड लागलं. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तिथली जाळी मांडलेली होती. उन्स्ट हे सगळ्यात उत्तरेचं बेट, तिथल्या बायका सगळ्यात बारीक विणणाऱ्या. जवळपास दोन मीटर लांब-रुंद चौरस शाल, वजन साठ-सत्तर ग्रॅम. धुऊन, गंधकाच्या धुरीनं पांढरी करून, लाकडी चौकटीवर ताणून वाळवलेली.

ती विणणारी बाई खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेली असेल असं आपल्याला वाटतं. ती चालत असे. पाठीवर जळणासाठी पीटची टोपली, कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, भोकं पाडलेला चामडी पट्टा. उजवी सुई त्या भोकात रोवायची की हात मोकळा राहतो आणि डोंगर उतरतानाही टाके चालू राहतात. भारी जाळी अर्थातच घरी बसून विणायची, पण हाताला थांबायची सवय नव्हती. आणि मोबदला? व्यापारी पैसे देत नसे, माल देत असे. चहा, कापड, जे दुकानात असेल ते. घरात पीठ हवं असलं तर बाईनं तो चहा शेजारणीकडे नेऊन त्याच्या बदल्यात पीठ आणायचं. सरकारनं या पद्धतीची चौकशी बसवली आणि १८७२मध्ये तिचा अहवाल निघाला. त्यात या बायकांच्या साक्षी आहेत. जगातली सगळ्यात नाजूक शाल विणून बाई घरी चहाची पुडी घेऊन जाते, हे वाचल्यापासून "उंची" हा शब्द मला जरा जपून वापरावासा वाटतो.

ओरेनबुर्गची गोष्ट रशियाच्या कडेची, उरल नदीवरची. तिथल्या शेळ्यांचं लव, त्याला आधाराला रेशमाचा पदर. सगळ्यात पातळ शालीला ते पौतिंका म्हणतात, म्हणजे कोळ्याचं जाळं. ती अंगठीतून जाते आणि हंसिणीच्या अंड्यात मावते, अशी दुप्पट बढाई. प्योत्र रिच्कोव यानं १७६६मध्ये या शेळ्यांच्या लवाबद्दल लेख लिहिला आणि त्याची बायको अल्योना हिला १७७०मध्ये तिच्या कामासाठी सुवर्णपदक मिळालं. लेख नवऱ्याचा, हात बायकोचा. एस्टोनियातलं हाप्सालू हे समुद्रस्नानाला येणाऱ्या पाहुण्यांचं गाव. तिथल्या शालीत भोकांच्या बरोबरीनं बोंडं असतात. एका टाक्यातून पाच, सात किंवा नऊ टाके काढायचे आणि परतीच्या ओळीत ते सगळे एकत्र उलट विणायचे, की फुलाच्या कळीसारखा फुगवटा येतो. शाली वजनावर विकल्या जात म्हणून बायकांनी बोंडं वाढवली, असं तिथे गमतीनं सांगतात. आपल्याकडच्या भाजीवालीला हे लगेच पटेल. अलास्कातल्या मस्क-ऑक्सचं लव किव्हिउट म्हणून ओळखलं जातं. तिथल्या मूळ रहिवासी बायकांची उमिंगमाक नावाची सहकारी संस्था १९६९पासून ते विणते आणि गावागावाची नक्षी वेगळी ठेवते. मेकोर्युक गावाची नक्षी एका जुन्या हस्तिदंती भाल्याच्या टोकावरून घेतलेली आहे. किव्हिउट मी एकदाच बोटांनी चाचपलं आहे, त्यामुळे त्यावर प्रकरण लिहिलेलं नाही.

आता मूळ मुद्दा, भोकाचा. मावशीचं भोक आणि उन्स्टच्या बाईचं भोक यांत फरक काय? मावशीच्या भोकात टाका हरवलेला असतो. उन्स्टच्या भोकात तो मांडलेला असतो. सुईवर धाग्याचा एक मोकळा फेरा घेतला की परतीच्या ओळीत तिथे भोक पडतं आणि सुईवर एक टाका वाढतो. वाढलेला टाका कुठेतरी फेडावा लागतो, म्हणून शेजारी दोन टाके एकत्र विणून एक करायचा. फेरा ही जमा, जोड हा खर्च. ओळीच्या शेवटी दोन्ही बाजू जुळल्या की कापडाची रुंदी तितकीच राहते आणि भोकं मात्र पडलेली असतात. जाळीच्या सगळ्या नक्ष्या, पानं, लाटा, मांजरीची पावलं, या एवढ्याच जमाखर्चावर चालतात. कलाकुसर आहे ती खर्च कुठे टाकायचा यात. जोड भोकाच्या लगेच शेजारी टाकली तर सरळ जाळी येते. ती पाच टाके दूर नेली की मधले टाके तिरके कलतात आणि त्या कलण्यातून पानाची शीर दिसू लागते. हे एकदा डोळ्यांना दिसलं की तक्ता समोर धरून विणावं लागत नाही. चूक झाली तरी ती कोणत्या ओळीत झाली ते कापडच सांगतं.

कधी कधी जमा मुद्दामच जास्त ठेवायची असते, कारण शाल पसरायला हवी. एलिझाबेथ झिमरमन ही इंग्लंडात जन्मलेली, अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झालेली विणकाम शिक्षिका. तिनं १९७४च्या पुस्तकात गोल शालीची जी कृती दिली ती मला शाळेतल्या भूमितीचा सूड वाटते. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो. मग प्रत्येक ओळीत टाके कशाला वाढवत बसायचे? नऊ टाक्यांनी सुरू करा, १८ करा. तीन ओळींनंतर ३६, सहा ओळींनंतर ७२, बारा ओळींनंतर १४४, चोवीस ओळींनंतर २८८, अठ्ठेचाळीस ओळींनंतर ५७६. मधल्या पट्ट्यांत हवी ती जाळी घाला, वाढवायची चिंता नाही. पायथागोरस, पाय आर वर्ग वगैरे मंडळींनी जो छळ केला होता त्याची भरपाई मला या शालीत मिळाली.

त्रिकोणी शालीनं मात्र मला रडवलं. मानेपाशी तीन-चार टाक्यांनी सुरू करून खाली वाढत जाणारी शाल. दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढतात. मी पश्मीना आणि रेशमाची एकुलती एक लड घेतली होती. सत्तर टक्के ओळी झाल्या, गुंडा अर्धा शिल्लक होता, तेव्हा मी निर्धास्त झाले आणि कडेला मोठी झालर काढायची ठरवली. शेवटच्या आठ ओळींआधी धागा संपला. गणित साधं होतं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ओळींच्या वर्गानं वाढतं, म्हणून सत्तर टक्के ओळींना अर्धा धागा लागतो आणि उरलेल्या तीस टक्क्यांना उरलेला अर्धा. म्हणजे माझ्याकडे धागा बरोबर होता, झालर जास्त होती. त्या रंगाची दुसरी लड कधीच मिळाली नाही. झालर उसवली. मोहेर असती तर तेही जमलं नसतं, कारण तिचे लांब केस एकमेकांत असे गुंततात की मागे फिरणं नको वाटतं. म्हणून प्रत्येक कृतीच्या आधी मी वजनाचा काटा घेऊन बसायला सांगितलं आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो.

सुईवरून उतरलेली जाळीची शाल पहिल्यांदा बघणाऱ्याचा विरस होतो. चुरगळलेला, आखडलेला गोळा, जुन्या पिशवीत राहिलेल्या मच्छरदाणीसारखा. तिला कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं, मग जाड गोधडीवर टाचण्यांनी ताणून वाळवायचं. लोकरीच्या तंतूतले काही बंध पाण्यात सैल होतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा बसतात, म्हणून ताणलेला आकार टिकतो. पुढच्या धुण्यात तो परत मोडतो आणि परत ताणावं लागतं. रेशीम फार ताणू नये, ते परत येत नाही. आमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांच्या पलंगावर नेहमी काहीतरी टाचलेलं असतं, त्यामुळे पाहुण्यांची संख्या आटोक्यात राहिली आहे.

शालींबरोबर अंगावर घालायच्या काही कृती आहेत, कारण आपल्याकडे विचारणा त्यांचीच जास्त होते. जाड स्वेटर महाराष्ट्रात किती दिवस घालणार? नाशिक, महाबळेश्वर, विदर्भातल्या चार रात्री सोडल्या तर तो बॅगेतच राहतो. पातळ मेरिनो-रेशमाचं जाकीट मात्र वातानुकूलित कचेरीत, रात्रीच्या गाडीत, पहाटेच्या फिरण्यात रोज लागतं. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते आणि तरी ओली लागत नाही. अडकवून ठेवलेली हवा ऊब देते, धागा फक्त तिला धरून ठेवतो. निव्वळ रेशमाचा अंगरखा विणायचा मोह मात्र आवरा. मी एक विणला, सकाळी कमरेपर्यंत होता, संध्याकाळी मांडीपर्यंत. रेशमाला जड वजन आणि शून्य ओढ, ते खाली लोंबत जातं. त्यात निम्मी लोकर असली की ती त्याला वर खेचून धरते.

धागा घेताना फसायला होतं. एका दुकानात मला "शुद्ध पश्मीना" म्हणून जे विकलं गेलं त्याचा धागा घरी काडीवर धरला, तर वितळून टोकाला काळा कडक मणी झाला. ते ॲक्रिलिक होतं. लोकर, पश्म, रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. पण हेही लक्षात ठेवावं की जाळून पाहण्यानं लोकर आणि पश्मीना यांतला फरक कळत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. आणखी एक नावाचा घोळ. अंगोरा शेळीपासून मिळते ती मोहेर, आणि अंगोरा म्हणून विकतात तो सशाचा केस. दुकानदाराला शेळी की ससा, असं विचारायला लाजू नका. नवशिक्यांनी पश्मीन्याला हातच लावू नये. साध्या दोन पदरी मेरिनोवर दोन शाली होऊ द्याव्यात. लुधियानाची गिरणीतली लोकरही सरावाला वाईट नाही. आणि सुई धाग्याच्या मानानं जाड घ्यावी. दहा नंबरची म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठची चार. आपल्या जुन्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नव्या मुलींना सांगावं लागतं. कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा आठ नंबरच्या सुईवर घेतला की भोकांना श्वास मिळतो. निसरड्या रेशमाला बांबूची सुई.

आपल्या हवेत या शालींचा खरा शत्रू पाऊस नाही, कसर आहे. ती वापरलेल्या, न धुतलेल्या लोकरीवर आधी बसते, घामाचा आणि अन्नाचा वास असतो तिथे. म्हणून ठेवणीत टाकण्याआधी शाल रिठ्याच्या पाण्यात धुवावी. साबणाचा सोडा लोकरीला नको, रिठा तिला मानवतो. पूर्ण वाळवावी, सुती पंचात गुंडाळावी, सुकलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. डांबरगोळ्या चालतात, पण मग शाल घेतलेल्या बाईच्या शेजारी कुणी बसत नाही. सगळ्यात चांगला उपाय ती वारंवार अंगावर घेणं. कसरीला न हलणारं कपाट आवडतं.

भाषेविषयी थोडं. कृती लिहायला बसले तेव्हा कळलं की आपल्या घरांतून सुलट, उलट, टाके घालणं, टाके बंद करणं एवढे शब्द आहेत आणि त्यापुढे हाताची खूण आहे. "हे बघ, असं घे." मावशीनं मला फेरा कधी शिकवलाच नाही, मग त्याला शब्द कुठून असणार. मी त्याला फेराच म्हटलं. दोन टाके एकत्र विणणं ती जोड, उजवीकडे कलणारी उजवी, डावीकडे कलणारी डावी. दर वीस ओळींनी टाक्यांमधून ओवून ठेवायचा वेगळ्या रंगाचा सुती दोरा, म्हणजे चूक झाली तर तेवढंच उसवावं लागेल, त्याचं नाव राखणदोरा ठेवलं. ताणून वाळवण्याला मात्र ताणून वाळवणंच ठेवलं. दोन-तीन संस्कृत शब्द कुणी सुचवले होते. ते उच्चारताना मोजलेले टाके विसरायला होत, म्हणून सोडून दिले.

पुस्तकातली शेवटची कृती चौरस शालीची आहे. शेटलंडच्या जुन्या पद्धतीनं आधी कडेचे कंगोरे, मग त्यांच्यातून टाके उचलून चारी पट्ट्या, मग मधला चौक. कुठेही टाके कडक बंद केलेले नाहीत, म्हणून ती चारी बाजूंनी सारखी ताणली जाते. मला ती विणायला सात महिने लागले. झाल्यावर मी ती मावशीकडे घेऊन गेले. मावशी आता शहाऐंशी वर्षांची आहे, मोतीबिंदू काढून झालेत, सुया बोटांना पेलत नाहीत. पलंगावर पसरलेली शाल तिनं बराच वेळ बघितली. मी वाट बघत होते. मग तळहात तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत नेला, ओल्या ओट्यावरून फिरवावा तसा, आणि मधल्या चौकाच्या खाली डावीकडे थांबली. करंगळी आत घालून म्हणाली, "अगं, हे तुझं नव्हे." मी चष्मा लावून बघितलं. हजारो भोकांतलं ते एक. फेऱ्याचं नव्हतं, टाका निसटलेला होता. मला सात महिन्यांत दिसला नव्हता.

उसव असं ती म्हणाली नाही. चहा टाकायला सांगितला. मुखपृष्ठावर जे छायाचित्र आहे ते त्याच शालीचं आहे, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून साधारण चार बोटं वर बघावं.